लाल चिंधीची गाठ

आमच्या हॉस्पिटलात कुणाच्याही घरी लग्न ठरलं, की पहिली पत्रिका मामांना द्यावी लागायची. देवापुढे ठेवायची ती नंतर. बरं, मामा कुणाच्या लग्नाला जायचे म्हणावं तर तेही नाही. पत्रिका हातात आली की नावं वाचायच्या आधी ते कागद अंगठ्यात आणि बोटात धरून त्याची जाडी बघायचे. "कागद बराबर हाये," असं म्हणाले की समजायचं, पत्रिका कामाला आली. दुसऱ्या दिवशी तिच्यात कुठंतरी वाटाण्याएवढं भोक पडलेलं असायचं. वधूच्या नावाशेजारी पडलं काय, की 'आपले नम्र'च्या खाली पडलं काय, त्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

भोक पाडायचा तो निबलर. हाडाचे बारीक तुकडे टिपून काढायची ती एक दणकट पकड असते. पुढे दोन खोलगट चोची आणि दोन्ही चोचींना धार. चांगला निबलर जाड कागदाचा स्वच्छ घास तोडतो. बोथट झाला की कागद चुरगळतो आणि फाटतो. "कागद फाटला तं हाड बी फाटनार," मामा म्हणायचे. दर सोमवारी सकाळी कपाट उघडून एकेक हत्यार असं तपासायचे. हाड कातरायच्या मोठ्या कात्रीला ते अडकित्ता म्हणत आणि तिची परीक्षा ज्वारीच्या वाळल्या ताटावर, म्हणजे कणसाखालच्या दांड्यावर, घेत. गावाहून येताना पिशवीत भाजी आणायचे विसरत, पण ताटं विसरत नसत.

जालन्यातलं हाडांचं खासगी हॉस्पिटल होतं ते. मी तिथं ऑपरेशन थिएटरची सिस्टर. मामा थिएटरचे कामगार. हॉस्पिटलात प्रत्येक पुरुष कामगाराला मामाच म्हणतात आणि आमच्याकडे असे चार मामा होते. पण नुसतं 'मामा' म्हटलं की हेच. हत्यारांचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या करगोट्याला. डॉक्टरांनासुद्धा एखादं हत्यार हातात घेऊन बघायचं असेल तर मामांना हाक मारावी लागे.

मामा चांगले होते, प्रेमळ होते, असं मी लिहिणार नाही. माणूस गावाला निघून गेला की त्याच्याबद्दल असं लिहायची पद्धत आहे, पण ते खरं नाही. मामांच्या जिभेलाही धार होती आणि ती ते कुणावरही तपासून बघत. नव्या डॉक्टरला ते तोंडावर विचारत, "साहेब, ऑस्टिओटोम आन् छिन्नीतला फरक सांगा." दोन्ही हातोडीनं ठोकायचीच हत्यारं. ऑस्टिओटोमला दोन्ही बाजूंनी उतार असतो आणि छिन्नीला एकाच बाजूनं, त्यामुळे छिन्नी हाडात तिरकी सरकते. बिचारा नवा डॉक्टर गडबडला, की मामा सगळ्यांदेखत म्हणत, "शिका, शिका. पेशंट काई पळून न्हाई चालला."

मलाही त्यांनी असंच धरलं होतं. माझं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते, हातातल्या चुड्याची सवयही झाली नव्हती. मी एक ऑस्टिओटोम रबराचं टोपण न घालता तसाच ट्रेमध्ये टाकला आणि त्याच्या धारेला खाच पडली. मामांनी तो उजेडात धरला, भिंगातून बघितला. डॉक्टर, भूल देणारे डॉक्टर, दोन मावश्या, सगळे उभे होते. "सिस्टर," मामा म्हणाले, "सासरी विळी बी आशीच फेकता का? मंग सासूबाई जल्दीच माहेरी धाडतेत तुमाला." सगळे हसले. डॉक्टरही हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण ते हसू मी मनात धरून ठेवलं, आणि वर्षानुवर्षं धरून ठेवलं. पुढे जे झालं ते समजायला हे सांगणं भाग आहे.

मामांना हे वेड लागलं कुठून, तर त्यांच्या स्वतःच्या पायातून. मूळचे टेंभुर्णीचे. घरची थोडी शेती भावावर टाकून तरुणपणी जालन्याच्या सळईच्या कारखान्यात लागले. भट्टीतून निघालेलं पोलाद कोणत्या रंगाला आलं की काय होतं, हे त्यांना तोंडपाठ. तिथंच एकदा सळयांचा गठ्ठा डाव्या पायावर आला. दुसऱ्या एका दवाखान्यात पायाची बोटं काढली आणि पुढची हाडं कातरली. कातरणारी कात्री बोथट होती. हाडाच्या टोकाला चिरफळ्या उडाल्या, त्या आत कुजल्या आणि तीन महिन्यांनी आमच्याकडे तेच हाड पुन्हा मागपर्यंत कातरावं लागलं. कारखान्यानं घरी बसवलं. आमच्या डॉक्टरांनी दया येऊन थिएटरात कामाला ठेवलं.

"बोथट हत्यारानं हाड कापत न्हाई, फुटतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं असेल. ते सांगताना मामा स्वतःच्या पायाकडे बघतही नसत. डाव्या बुटाच्या पुढच्या अर्ध्या भागात चिंध्या कोंबलेल्या असायच्या आणि चालताना तो बूट फटक फटक वाजायचा. थिएटरच्या बोळात तो आवाज आला की मावश्या गप्पा थांबवून कामाला लागत.

कान तर असा की सांगून खरं वाटणार नाही. ऑपरेशन चालू असलं की मामा थिएटरच्या दाराबाहेर स्टुलावर बसत. आत हातोडीचे ठोके पडत असत. एकदा ठोके ऐकता ऐकता ते उठले, कपाटातून दुसरा ऑस्टिओटोम काढला, निर्जंतुक केलेलं पुडकं होतं, आणि दार ढकलून माझ्यापुढे धरलं. कुणी मागितलं नव्हतं. डॉक्टर मास्कमधून ओरडले, "तुम्हाला कोणी बोलावलं?" मामा म्हणाले, "साहेब, आवाज बदलला. ती धार गेली. आता हाड फोडून राह्यले तुमी." डॉक्टरांनी हातातलं हत्यार बघितलं आणि माझ्यापुढे हात केला. मी नवीन दिलं. त्या दिवसानंतर मामांचं डोकं आणखी वर गेलं, आणि खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बरोबर असायचं हीच त्यांची सगळ्यात त्रासदायक खोड होती.

आता ती चिंधी. एखादं हत्यार कामातून गेलं, की मामा त्याच्या दांड्यांना लाल कापडाची चिंधी बांधून खालच्या फळीवर ठेवत. लाल चिंधी म्हणजे हात लावायचा नाही. पुण्याला एक म्हातारा कारागीर होता, त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात मामा ही हत्यारं देत नसत, आणि त्याच्याकडून वस्तू परत यायला पंधरा-वीस दिवस लागत. चिंधीची गाठही त्यांची स्वतःची होती, दोनदा आत ओवून आवळलेली. नखं दुखेपर्यंत ती सुटत नसे. मी एकदा विचारलं होतं, "मामा, साधी गाठ मारायला काय होतं?" तर म्हणाले, "साधी गाठ झटक्यात सुटती. ही सोडाया येळ लागतो. सोडता सोडता मानूस इचार करतो, म्या हे का करून राह्यलो."

पुढच्या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली असतील. मामांची थोरली बहीण वारली आणि ते दिवसकार्यासाठी टेंभुर्णीला गेले. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. देताना म्हणालेही, "लालला हात लावू नका." दोन निबलरपैकी एक आधीच पुण्याला गेला होता. दुसऱ्याला मामांनी जायच्या दिवशी सकाळी चिंधी बांधली होती.

त्याच आठवड्यात धावडा गावची एक बाई भरती झाली. नडगीचं हाड फार पूर्वी मोडलेलं, आतून सडलेलं. मेलेलं हाड टिपून काढायचं म्हणजे निबलर पाहिजेच. डॉक्टरांनी मला आदल्या दिवशी दुपारी विचारलं, "निबलर आहे ना?" मी म्हणायला हवं होतं, नाही, मामांनी बाजूला काढलाय, दोन दिवस थांबा, नाहीतर दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवा. मी म्हणाले, "आहे सर."

मला दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं हेही मला माहीत होतं. हा माणूस नसला तरी थिएटर चालतं, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. मी खालच्या फळीवरचा निबलर काढला. फाटकाशी सायकलवर सहाण घेऊन धार लावणारा येतो, बँडेज कापायच्या कात्र्या आम्ही त्याच्याकडेच देतो. त्याच्याकडे तो दिला. त्यानं पेडल मारत चोची चाकाला लावल्या, ठिणग्या उडाल्या, तापल्या की डब्यातल्या पाण्यात बुडवायचा आणि पुन्हा चाकाला लावायचा. पाच मिनिटांत चकाचक. टोकाशी जरा निळसर झाक आली होती, ती मी पावडरनं घासून काढली. गॉजच्या घडीवर चालवून बघितला तर लोण्यासारखा कापत होता. मी स्वतःवर खूश झाले, पुडकं बांधलं आणि निर्जंतुक करायच्या मशीनमध्ये लावलं.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळीच परत आले. डोक्याचे केस काढलेले, डोळे सुजलेले. ऑपरेशन सुरू झालं होतं. स्टुलावर बसले. निबलर हातोडीसारखा वाजत नाही, त्यामुळे त्यांना ऐकू येण्यासारखं काही नव्हतं. जखम शिवून झाली, पेशंट बाहेर गेली आणि हत्यारं धुवायला मामांकडे आली. पाच मिनिटांत ते भिंग आणि निबलर घेऊन डॉक्टरांपुढे उभे राहिले.

"साहेब, चोचीचा तुकडा न्हाई."

ते बोलले नसते तर कुणालाच कळलं नसतं. तीळभर तुकडा. एक्स-रे काढला, नडगीत पांढरा ठिपका दिसला. बाईला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. दहा दिवसांत घरी जाईन म्हणून आलेली बाई, तिची जखम नंतर कितीतरी दिवस वाहत राहिली. तिचा भाऊ रोज चौकशीच्या खिडकीशी उभा राहून एकच विचारायचा, आत लोखंड राह्यलंच कसं.

डॉक्टरांना त्याला देण्यासाठी एक उत्तर हवं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. निबलर टेबलावर होता.

"ह्याला धार कोणी लावली?"

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. हॉस्पिटलात धारेचं नाव निघालं की दुसरीकडे बघायचं कारणच नव्हतं.

"म्या न्हाई लावली," मामा म्हणाले. "म्या लाल चिंधी बांधून ठेवल्ता."

"कुठंय चिंधी?"

चिंधी माझ्या एप्रनच्या खिशात होती. माझा हात खिशात होता आणि मुठीत ती चिंधी होती. मला बोलायचं होतं असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. नव्हतं बोलायचं. नोकरीची भीती होती, ती खरीच. पण त्या भीतीखाली आणखी एक गोष्ट होती आणि तीही आज लिहून टाकते. सगळ्यांसमोर मान खाली घालून उभ्या असलेल्या मामांकडे बघताना मला बरं वाटलं. तीन आठवड्यांच्या नव्या नवरीला हसणारे सगळे त्या केबिनमध्ये होते आणि आता कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"उगाच प्रत्येक वस्तूत कारागिरी करायची," डॉक्टर म्हणाले. "किल्ली ठेवा आणि उद्यापासून येऊ नका." किल्ली माझ्याचकडे होती. मी ती टेबलावर ठेवली. ती माझ्याकडे कशी, हा प्रश्न डॉक्टरांना पडला नाही, किंवा पडू द्यायचा नव्हता.

मामा दुसऱ्या दिवशी आले. आत नाही आले, फाटकाजवळच्या बाकावर बसले. तिसऱ्या दिवशीही आले. असे आठ दिवस ते सकाळी येऊन बसत आणि दुपारी उठून जात. कुणाशी बोलले नाहीत. मावश्या म्हणत, बिचारा कामासाठी आशा लावून बसलाय, डॉक्टरांना पाझर फुटेल म्हणून. मलाही तसंच वाटलं. ते आठ दिवस मी मागच्या दारानं ड्युटीवर येत होते. चिंधी मी पहिल्याच दिवशी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली होती. नवव्या दिवशी बाक रिकामा होता आणि मी पुढच्या दारानं आत गेले.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आता डॉक्टर राहिले नाहीत. त्यांच्या मुलानं बॅटरीवर चालणारी करवत आणि ड्रिल आणलं. जुन्या हत्यारांचं कपाट गेलं, हातोडी आणि ऑस्टिओटोम तेवढे एका ट्रेमध्ये राहिले, आणि त्यांची टोपणं कुणी घालत नाही. पत्रिका छापून आल्या. पहिली मी देवापुढे ठेवली. दुसरी हातात घेतली आणि नकळत अंगठ्यानं कागद चाचपला. त्या रविवारी टेंभुर्णीची गाडी पकडली.

घर सापडायला वेळ लागला नाही. मामी दारात मेथी निवडत होत्या. मामा आत पलंगावर, बरेच थकलेले. बूट पलंगाखाली, तोच. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि "या सिस्टर," एवढंच म्हणाले. मामी कांदा कापायला बसल्या, चहासोबत काही करावं म्हणून. विळीवर कांदा चिरत नव्हता, चेंगरत होता. "घरात एका वस्तूला धार न्हाई," त्या मला म्हणाल्या. "तिकून आले तवापसून दगडाला हात लावला न्हाई यायनं. शेजारचे इळे घेऊन यायचे आधी, त्यायला बी वापस लावलं."

मी मुलीची पत्रिका दिली. मामांनी ती घेतली, उलटीसुलटी केली. जाडी बघितली नाही. नावं वाचली, सगळी, वरपासून खालपर्यंत. मग उठून भिंतीतल्या कपाटातून एक जुनी पिशवी काढली. त्यातल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यातून एक काढून माझ्या हातात ठेवली. पंचवीस वर्षांपूर्वीची, माझ्या लग्नाची. माझ्या नावाखाली एक गोल, स्वच्छ भोक होतं. त्याच्या बाजूला दुसरं, कडा चुरगळलेलं, अर्धवट फाटलेलं.

"हे दुसरं त्या दिवशीचं," मामा म्हणाले. "साहेबाकडं जायच्या आधी तपासलं. मुद्दाम तुमचीच घेतली. कडेला निळं होतं, म्हंजे पोलाद जळून ठिसूळ झाल्तं. तुमी घासलं, पर फटीत राहून गेल्तं. कोन्या चाकावर गेल्तं ते बी कळलं."

चहा आला. मी कप घेतला आणि तसाच धरून बसले.

"मग तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं. हे विचारायची लाज मला वाटायला हवी होती.

"तुमी सांगताल म्हनून थांबल्तो. आठ दिवस बसलो की बाकावर. तुमी मागच्या दारानं जायच्या. मला दिसायचं."

मी म्हणाले, मी आता सांगते, डॉक्टरांच्या मुलाला सांगते, लिहून देते. मामांनी हातानंच नको म्हटलं. "त्याला काय करायचं? त्याला तं निबलर म्हंजे काय ते बी ठाऊक नसंन." त्यात राग नव्हता. राग असता तर मला ते सोपं गेलं असतं.

गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. तेव्हा मामांनी विचारलं, इतक्या साध्या आवाजात की जणू रुमालाबद्दल विचारत असावेत.

"सिस्टर, एक सांगा. ती गाठ सोडली होती का कापली होती?"

कापली, असं म्हणता आलं असतं. कात्री तर माझ्या हातात दिवसभर असायची, त्यांनाही ते पटलं असतं. त्या एका शब्दानं मी घाईत होते असं ठरलं असतं आणि घाईत कुणाच्याही हातून चूक होते. पण त्या दुपारी कपाटापुढे उभी राहून नखांनी ती गाठ उकलतानाची मी मला आठवत होते. चांगली दहा मिनिटं लागली होती.

"सोडली," मी म्हणाले.

मामांनी मान हलवली. "मंग येळ होता तुमच्याजवळ," ते म्हणाले, आणि मुलीची पत्रिका उशाशी ठेवून भिंतीकडे कूस वळवली. मामी मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या.